आग्रहाचं ताट

आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकच्या भागात साखरेविरुद्ध बोलणं म्हणजे उसाच्या फडात उभं राहून उसालाच नावं ठेवणं. नीरा डावा कालवा, जवळ सोमेश्वरचा कारखाना आणि दिवाळीच्या आगेमागे सुरू होणारी ऊसतोड. इथली लग्नं आणि पोरांची शिक्षणं याच गोडव्यावर झाली. तेव्हा साखरेला मी शिव्या देणार नाही. बोलायचं आहे ते सणातल्या आग्रहाबद्दल.

2004 ते 2006 अशी सलग तीन वर्षं दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आली होती. चांद्रवर्ष 10-11 दिवसांनी लहान असतं, म्हणून अशी गाठ अधूनमधून पडते. शेजारून फराळाची ताटं यायची आणि ताट रिकामं परत पाठवायचं नाही, हा तर गल्लीचा कायदा. मग आमच्याकडून शिरखुर्मा जायचा. माझ्या आईला तेव्हा मधुमेह होता. "आम्मा, सणाचं आहे, नाही म्हणू नका," असं प्रत्येक घर प्रेमानं म्हणायचं. एका घराचा एकच लाडू असतो हो, पण घरं वीस असतात! आम्मा करंजीचा कोपरा मोडून तोंडात टाकायची आणि बाकीचं ताट ऊसतोडीवाल्यांच्या पोरांना वाटून यायची. देणाऱ्याचा मान राहायचा, तिची साखरही ताब्यात राहायची. सगळ्यांना असं जमत नाही. भिडेपोटी खाणारेच जास्त.

पूर्वी गोड सणालाच व्हायचं, म्हणून ते पचूनही जायचं. अंगमेहनत होती. आता रोजच्या चहातच सण असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये सांगितलं, की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण 25 ग्रॅमपर्यंत, म्हणजे सहा चमच्यांच्या आत ठेवता आली तर उत्तम. दोन-दोन चमचे साखरेचे तीन कप चहा झाले की हा हिशेब संपला. लाडू अजून डब्यातच आहे! भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या मधुमेहींचा अंदाज 10 कोटींच्या वर गेला. हे आकडे शहरातलेच असतील अशी समजूत आता खेड्यानंही सोडावी.

आणखी एक समजूत आमच्याकडे घट्ट आहे. "गुळाचं आहे, चालतं." गुळात थोडे क्षार असतात हे खरं, पण बहुतांश साखरच असते. मधुमेह्याच्या रक्ताला गुऱ्हाळ आणि कारखाना यातला फरक कळत नाही.

उपवासाचंही तेच. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आपणच केली. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, वर बटाटा आणि तूप. आम्हीही मागे नाही. दिवसभर रोजा आणि इफ्तारला तळलेली भजी, रंगीत सरबत. खजूर आणि पाण्यानं रोजा सोडून थोडं थांबलं, तर पुढचं खाणं आपोआप कमी होतं. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रमजानआधीच डॉक्टरांकडून औषधाच्या वेळा ठरवून घ्याव्यात. रोज्यात घाम फुटला, हातपाय थरथरले तर साखर तपासावी, आणि 70 च्या खाली आली असेल तर रोजा तिथंच सोडावा. आजाऱ्याला धर्मानंच सूट दिली आहे.

आणि सण म्हणजे गोडच, असंही कुठं आहे? संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी येते. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आणि वांगी, गाजर, पावटा, हरभऱ्याचे घाटे यांची मिसळीची भाजी. त्या थंडीत रानात जे पिकतं तेच ताटात. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, आमच्या जिरायती गावांतल्या बायाबापड्या ते दरवर्षी जानेवारीत साजरं करतच होत्या. दिवाळीचं बोलावणं मी एखाद्या वेळी चहावर भागवतो. भोगीचं मात्र चुकवत नाही, आणि दुसरी भाकरी मागून घेतो.