अंगठा गेला म्हणजे किती टक्के?

कामावर इजा झालेल्या माणसाला मालकाकडून मिळणारी भरपाई हे कायद्याने ठरलेले देणे आहे. बोरघाटातला लोहमार्ग 1863 मध्ये खुला झाला, तेव्हा त्या कामावर मेलेल्या मजुरांच्या वारसांना असे देणे मागण्याची सोय नव्हती. ती यायला 1923 साल उजाडले. लोणावळ्यात भरलेल्या कामगार वकिलांच्या या परिषदेत, यजमानांचे आभार मानून, त्या देण्याच्या मोजमापाचा विचार करायचा आहे.

आधी पाहायचे ते ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. ही योजना लागू असलेल्या आस्थापनेत महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला ईएसआयचे लाभ मिळतात. मालकावर भरपाईचा वेगळा दावा लावता येत नाही. त्याहून जास्त पगाराचा फिटर, किंवा जिथे ईएसआय नाही अशा छोट्या शेडमधला हेल्पर, यांचा दावा आयुक्त म्हणून बसलेल्या कामगार न्यायालयापुढे चालतो. मुदत दोन वर्षांची. काम मूळ मालकाच्या धंद्याचाच भाग असेल, तर माणूस ठेकेदाराचा म्हणून मालक सुटत नाही. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा व्हावी लागते. परस्पर वारसांच्या हातात ठेवलेली रक्कम भरपाई ठरत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तरी मूळ चौकट हीच आहे.

कायमच्या पूर्ण अपंगत्वात मासिक पगाराच्या 60 टक्क्यांना वयाच्या गुणकाने गुणतात. पगार 28,000 असला तरी 1923 च्या जुन्या कायद्याखाली 2020 पासून तो 15,000 च धरला जातो. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणक 207.98, रक्कम 18,71,820 रुपये. अंगठा गेला तर परिशिष्टात 30 टक्के लिहिले आहेत, म्हणजे 5,61,546.

खरा अन्याय या तिसात आहे, आणि तो वकिलांच्या हातून होतो. डॉक्टरांच्या दाखल्यावरचा आकडा शरीराचा असतो, रोजगाराचा नसतो. अपघाताच्या वेळी जी कामे माणूस करू शकत होता, ती सगळी करण्यास तो असमर्थ झाला, तर अपंगत्व पूर्ण, अशी कायद्याची व्याख्या आहे. प्रताप नारायण सिंह देव खटल्यात (1976) डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराचे अपंगत्व सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण धरले. सुतारकाम एका हाताने होत नाही.

परिशिष्टातला आकडा अंतिमच, असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना उत्तर परिषदेच्या अध्यक्षांच्या वकिलीतला एक दावा देतो. मावळातल्या एका कारखान्यात, टूलरूममधल्या फिटरचा उजवा अंगठा पॉवर प्रेसमध्ये गेला. दाखल्यावर 30 टक्के. उलटतपासात डॉक्टरांना विचारले गेले: या हाताने कानस धरता येईल? नाही. मायक्रोमीटर फिरवता येईल? नाही. छिन्नीवर हातोडा मारता येईल? नाही. फिटर दुसरे कोणते काम करतो, हे मालकाच्या वकिलांना सांगता आले नाही. अपंगत्व पूर्ण धरले गेले. हे तीन प्रश्न विचारायला पाच मिनिटेही लागली नाहीत, आणि असंख्य दाव्यांत ते विचारलेच जात नाहीत. तडजोडीच्या दिवशी दाखल्यावरचा आकडा वाचून सह्या होतात आणि तिशीतला कारागीर गावी भातलावणीला परततो. तिथेही रोप धरायला अंगठाच लागतो.

कोणत्या कामाला हाताचा कोणता भाग लागतो याची नोंदवही परिषदेने धंदावार तयार करावी. प्रेस ऑपरेटर, फिटर आणि वेल्डर यांच्यापासून सुरुवात करता येईल. बाकीचे धंदे पुढे जोडता येतील.