बिनखिळ्याचा चौरंग

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



मला सांगण्यात आलं, '२५ वर्षांच्या आठवणी सांगा.' पाण्याचे टँकर, बंद पडणारी लिफ्ट आणि पार्किंगची भांडणं यांवर इतर वक्ते बोलतीलच. मी फक्त एका वस्तूबद्दल बोलणार आहे. ती आत्ता या स्टेजवरच आहे. समई आणि गणपतीचा फोटो ज्याच्यावर ठेवलाय, तो चौरंग.

सुरुवात माझ्या अपराधापासून करतो. सोसायटीच्या पहिल्या गणपतीचं टेबल मी ठोकलं होतं. तेव्हा मी सेक्रेटरी होतो आणि पैसे वाचवायची हौस होती. प्लायचे उरलेले तुकडे, चार पाय आणि अर्धा किलो खिळे. वरून सॅटिनचं कापड टाकलं की काही दिसायचं नाही. दरवर्षी ते थोडं हलायचं, दरवर्षी मी आणखी दोन खिळे मारायचो. मला वाटायचं, झालं काम!

तीन वर्षांपूर्वी अनंत चतुर्दशीला, उत्तरपूजेची आरती चालू असताना, त्या टेबलाचा डावीकडचा पाय बाहेर सरकला. मूर्ती पुढे झुकली. दोघा जणांनी झेप घेऊन तिला मिठीच मारली म्हणून निभावलं. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

विसर्जन करून आलो, तर बी विंगमधले अण्णा त्या उलट्या पडलेल्या टेबलाजवळ काठी टेकून उभे होते. अण्णांना तुम्ही सगळे ओळखता. निदान चेहऱ्याने. मीही तेवढाच ओळखत होतो. २२ वर्षांत आमचं संभाषण म्हणजे 'काय, फिरायला?' आणि 'हो, जरा पाय मोकळे.' त्या दिवशी ते म्हणाले, "सेक्रेटरी, खिळा लाकडाला धरत नाही. लाकूड खिळ्याला धरतं. ते तरी किती वर्षं धरणार?"

मग उभ्या उभ्या समजावलं. खिळा आत जाताना लाकडाचे तंतू दाबतो आणि त्या दाबावरच टिकतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. खिळा काही फुगत नाही, तो नुसता गंजतो. दरवर्षी भोक थोडं सैल होतं. आणि आपण तिथेच दुसरा खिळा मारतो, म्हणजे लाकूड आणखी फाडतो. मी २२ वर्षं नेमकं हेच केलं होतं.

तेव्हा मला कळलं, की अण्णांनी माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये सुतारकामात उभी नोकरी काढली. डब्यांची बाकं, खिडक्या, दारं. आपण रोज ज्या गाड्यांना लोंबकळत गेलो, त्यांच्यातलं काय काय या माणसाच्या हाताखालून गेलं असेल! आणि आम्ही त्यांना कधी विचारलंसुद्धा नाही, की तुम्ही काय करत होतात.

मी म्हटलं, "अण्णा, पुढच्या वर्षीसाठी तुम्ही एक चौरंग करून द्या." त्यांनी उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता. म्हणाले, "यात आता चहाचा कप राहत नाही, करवत कुठून राहणार? तुमचे हात आहेत ना?"

अशी माझी शाळा वयाच्या ६१व्या वर्षी सुरू झाली, त्यांच्या रिकाम्या पार्किंगमध्ये. तिथे त्यांची अवजारांची ट्रंक होती, रिटायर झाल्यापासून बंद. करवती, रंधे, पटाश्या, गुण्या, मोगरी. सगळं तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं. (आवाजाची एक लेखी तक्रार आली आणि कमिटीने ४ ते ६ ही वेळ ठरवून दिली, हेही नोंदवून ठेवतो.)

पहिले पंधरा दिवस त्यांनी मला लाकडाला हात लावू दिला नाही. नुसती पटाशीला धार लावायची. मनगटावरचे केस निघाले, तर धार लागली. बोथट पटाशी जास्त कापते, म्हणायचे. लाकडाला नाही, हाताला. कारण तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती सटकते.

मग रेघ. मी कानावर पेन्सिल लावून ऐटीत उभा राहिलो, तर त्यांनी ती काढून घेतली. पेन्सिलच्या रेघेला जाडी असते. त्या जाडीच्या अलीकडे कापायचं की पलीकडे? सांध्याची रेघ चाकूच्या टोकाने मारायची. ती बारीक असते आणि पटाशीला टेकायला काठ मिळतो. करवत नेहमी टाकाऊ बाजूने चालवायची. "रेघ खायची नाही, रेघ राखायची," हे वाक्य मी एवढ्या वेळा ऐकलंय, की झोपेतही म्हणेन. पटाशी हातात आल्यावर त्यांचं 'अहो सेक्रेटरी' गेलं आणि 'अरे' आलं, ते आजतागायत.

त्यानंतर अर्ध्यावर अर्ध्याचा सांधा. दोन पट्ट्या एकमेकींवर आडव्या येतात, तिथे दोन्ही निम्म्या जाडीच्या कापायच्या, म्हणजे एकमेकींत सपाट बसतात. ऐकायला सोपं आहे. भंगारच्या लाकडावर असे २० सांधे केले. त्यातले पहिले ११ हलत होते. बाराव्याला त्यांनी काही न बोलता चहा मागवला, तेव्हा समजलो की पास झालो.

आणि मग खाच आणि कुसू. चौरंगाच्या पायात चौकोनी खाच खणायची आणि आडव्या पट्टीच्या टोकाला त्या मापाची जीभ काढायची, ती म्हणजे कुसू. हिशेब असा, की कुसवाची जाडी पट्टीच्या एक तृतीयांश. आमची पट्टी नऊ सुतांची, म्हणजे कुसू तीन सुतांचं. आठ सूत म्हणजे एक इंच, हे मुलांसाठी सांगतो. कुसू जास्त जाड केलं तर पायाची भिंत पातळ होते, बारीक केलं तर तेच मोडतं. आणि कुसवाच्या दोन्ही बाजूंना जे खांदे राहतात, ते पायाला घट्ट टेकतात. चौरंग डुलत नाही तो त्या खांद्यांमुळे. इथे लाकूडच लाकडाला धरतं. फुगलं तर दोन्ही फुगतात, आकसलं तर दोन्ही आकसतात.

माझ्या मुलाने नंतर वाचून दाखवलं, की जर्मनीत सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या, ओकच्या लाकडाने बांधलेल्या विहिरी सापडल्या आहेत आणि त्यांत असेच खाच-कुसवाचे सांधे आहेत. तेव्हा लोखंडाचा पत्ताही नव्हता. अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "मग? त्यांच्याकडे खिळे नव्हते म्हणून टिकलं."

लाकूड मात्र आपलंच आहे. ए विंगमध्ये एका फ्लॅटचं काम निघालं होतं, तिथल्या जुन्या सागवानी चौकटी भंगारात चालल्या होत्या. त्या मागून घेतल्या. इतकी वर्षं मुरलेलं लाकूड, त्याला जे फिरायचं ते फिरून झालेलं.

चार पाय, प्रत्येकाला दोन खाचा, एकूण आठ. सात नीट झाल्या. चतुर्थीला आठ दिवस होते. आठवी खणून झाल्यावर पाय उभे करून पाहिले, आणि माझ्या पोटात गोळा आला. शेवटची खाच मी भलत्याच बाजूला खणली होती. रेघ बरोबर, माप बरोबर, बाजू चूक. दुसरं लाकूड नव्हतं. मी मटकन खाली बसलो. अण्णा म्हणाले, "खूण कुठेय?" खूण नव्हती. प्रत्येक पायाच्या दर्शनी बाजूवर आधी खूण करायची, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात शिकवलेलं. मला वाटलं होतं, चारच तर पाय आहेत, लक्षात राहील.

मग म्हणाले, "त्याच चौकटीचा तुकडा घे. रेषा जुळवून बसव. आणि तो पाय मागे लाव. देवाला दिसेल, लोकांना नाही." तो ठिगळाचा पाय मागे डावीकडे आहे. कार्यक्रम संपल्यावर जरूर पाहा. मी तो दरवर्षी पाहतो.

सांधे बसवायच्या दिवशी अण्णा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मी मोगरीने ठोकत होतो. कुसू आत जाताना आवाज पोकळ येतो, खांदे टेकले की तो भरीव होतो. ते नुसतं ऐकून सांगत होते, "अजून नाही... अजून एक... बसला." आठही सांधे त्यांनी असे कानाने तपासले. वरची फळी आम्ही चिकटवलेली नाही. ती खालून छोट्या लाकडी गुटक्यांनी धरलेली आहे. कारण फळी रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाहीच. तिला सरकायला जागा दिली नाही, तर ती चिरणार. माणसांचंही थोडंफार असंच असतं म्हणा, पण तो विषय आज नको.

एकदा मी अण्णांना विचारलं, की तुमच्या मुलांना हे का नाही शिकवलं? बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मीच येऊ दिलं नाही. ट्रंकेला कुलूप लावलं. शिकला असता तर लोकांनी सुतारच म्हटलं असतं त्याला." मी बँकेत ३५ वर्षं काढली. मला त्या वाक्याला उत्तर देता आलं नाही, कारण असं म्हणणाऱ्या लोकांत मीही होतो.

अण्णा आता ८४ वर्षांचे आहेत. पुढच्या रांगेत बसलेत आणि मी काय काय चुकीचं सांगितलं, ते मला उद्या कळेलच. चौरंगाने दोन गणेशोत्सव काढले. अजून हललेला नाही. ट्रंकेचं कुलूप आता काढलंय. दर रविवारी सकाळी १० ते १२ आम्ही बी विंगच्या पार्किंगमध्ये असतो. सध्या दोन विद्यार्थी आहेत. सहावीतली एक मुलगी आणि आपल्या वॉचमनचा मुलगा. मुलीचा सातवाच सांधा हलला नाही. मला बारा लागले होते, हे मी तिला सांगितलेलं नाही. आणखी चार जणांची जागा आहे. फी नाही. फक्त चहा आळीपाळीने आणायचा.

शेवटी डेकोरेशन समितीला एकच विनंती. चौरंगाला हार घाला, तोरणं बांधा, लायटिंग करा. पण कृपा करून खिळा मारू नका.