बंबाची निगा



सकाळी आपण बंब पेटवतो, अंघोळी उरकतो. पण बंबाकडे कधी नीट बघतो का? आज त्याच्या निगेविषयी बोलू.

बंबाच्या मधोमध नळकांडं असतं. त्यात जाळ आणि भोवती पाणी. म्हणून आधी पाणी भरावे, मगच विस्तव घालावा. कोरडा बंब तापला, तर सांध्यांचा डाख वितळतो, बंब गळू लागतो.

रोज राख काढावी. राख साचली की वारा कोंडतो, लाकूड नुसतं धुमसतं. आठवड्याला नळकांड्यातली काजळी खरवडावी, म्हणजे जळण वाचेल. महिन्याला बंब रिकामा करून गाळ काढावा, तोटी तपासावी.

आता सर्वांत महत्त्वाचं. बंद न्हाणीघरात बंब पेटवू नये. कोंडलेल्या विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गुंगी येते आणि माणूस जागच्या जागी दगावतो. धूर नसला तरी निखाऱ्यांवर विसंबू नका. बंब अंगणात पेटवा, पाणी बादलीने आत न्या.

आम्ही शाळेत मुलांना हेच सांगत आलो. आज तुम्हांला सांगितलं. उद्या सकाळी बंब पेटवण्याआधी एवढं बघाच.