जर आणि तर



आपली मुले शाळेत इंग्रजी शिकतात. घरी ती मोठ्याने वाचतात, 'इफ इट रेन्स, वी विल सो.' म्हणजे, 'पाऊस पडला तर आपण पेरू.' इफ म्हणजे जर. अशा वाक्याला व्याकरणात संकेतार्थी वाक्य म्हणतात. नाव अवघड, पण गोष्ट सोपी. वाक्याचे भाग दोन. पहिल्यात अट, दुसऱ्यात फळ. अट पुरी झाली तरच फळ.

आता गंमत पाहा. पाऊस अजून पडायचा आहे. तरी आपण 'पडला' म्हणतो. इंग्रज 'रेन्स' म्हणजे 'पडतो' म्हणतो. त्याचे पुढच्या काळाचे 'विल' फळाच्या भागात येते. मुले ते अटीतही घालतात आणि मार्क घालवतात.

दुसरा प्रकार वेळ निघून गेल्याचा. 'पाऊस पडला असता तर आपण पेरलं असतं.' इंग्रजीत, 'इफ इट हॅड रेन्ड, वी वुड हॅव सोन.' असे 'असता' किंवा 'हॅड' आले की समजावे, पाऊस पडला नाही आणि पेरणीही झाली नाही. उरली ती हळहळ.

हे मोठ्या माणसांना कशाला, असे कोणी म्हणेल. आम्ही सांगतो, कागदासाठी. कागदावर 'जर' वेष पालटून बसतो. 'मुदतीत रक्कम न दिल्यास खरेदी कायम होईल.' यात जर नाही, तर नाही. पण 'न दिल्यास' म्हणजेच 'दिली नाही तर'. अट आहे रकमेची, फळ आहे जमीन जाण्याचे.

आणखी एक ध्यानात ठेवा. काही लोक तोंडाने म्हणतात, 'पैसे फेडलेस तर जमीन परत देईन.' कागदावर मात्र नुसती विक्री लिहितात. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा. १९२९ साली त्यात दुरुस्ती झाली. परतीची अट त्याच विक्रीच्या कागदात लिहिलेली असेल, तरच अशा विक्रीला गहाण मानता येते. तोंडचा 'तर' तिथे उपयोगी पडत नाही.

म्हणून सही करण्याआधी कागद स्वतः वाचा. जिथे 'तर', 'ल्यास' किंवा 'न' दिसेल, तिथे बोट ठेवा. अट काय, फळ काय, ते मोठ्याने बोला. परतीचा शब्द मिळाला असेल, तर तो त्याच कागदात लिहून घ्या. मग सही करा.