कामठीच्या ड्रॅगन पॅलेसमध्ये
(समितीच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आम्ही शाहूवाडीची माणसे नागपूरला गेलो ती दीक्षाभूमीच्या ओढीने. 14 ऑक्टोबर 1956 चा तो इतिहास या व्यासपीठावरून अनेकदा सांगितला गेला आहे. आज बोलायचे आहे ते कामठीविषयी. ज्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने आम्ही कोल्हापूरहून गेलो, तीच गाडी नागपूरच्या पुढे कामठीला थांबते, हे मात्र आम्हांला तिथे गेल्यावर कळले!

जपानच्या मॅडम नोरिको ओगावा यांचे दान आणि ॲड. सुलेखा कुंभारे यांचा पुढाकार यांतून 1999 साली हे विहार उभे राहिले. आत चंदनाच्या लाकडात कोरलेली बुद्धमूर्ती आहे, बाहेर हिरवळ आणि बाग. 2017 साली तेथील विपश्यना केंद्राचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले.

फाटकातच आमच्या मुलांनी विचारले, "बुद्धाच्या घरी ड्रॅगन कशाला?" मोठी माणसे गप्प. उत्तर आम्ही परत आल्यावर शोधले. आपले बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा भाषांतरकारांनी 'नाग' या शब्दासाठी त्यांचा 'लुंग' म्हणजे ड्रॅगन हाच शब्द घेतला. कुमारजीवाने 406 साली चिनीत आणलेल्या सद्धर्मपुंडरीक सूत्रातील नागराजाची कन्या जपानी माणसाला ड्रॅगनकन्या म्हणूनच माहीत आहे. पावसात बुद्धावर फणा धरणारा मुचलिंदही नागच. आणि दीक्षेसाठी नागपूर का निवडले, हे सांगताना बाबासाहेबांनी 15 ऑक्टोबरच्या भाषणात नाग लोकांचाच दाखला दिला होता. म्हणजे नाग चीन-जपान फिरून, रूप पालटून पुन्हा नागभूमीत आला, असे आम्हांला वाटले.

आता थोडे आमच्या वागण्याविषयी. बागेत शिरताच आम्ही फोटोसाठी धावलो. आरडाओरडा झाला, हिरवळीवर डबे उघडले गेले. आमच्यातील एक वृद्ध आई मात्र मूर्तीपुढे बसली ती बसलीच. बोलवायला गेलो तर म्हणाली, "एवढं गप गप कुठं मिळतंय बाबांनो?" आमच्या हातातले कॅमेरे खाली आले.

विदर्भात उन्हाळा 45 अंशांच्या पुढे जातो. तिथे माळी पाइप घेऊन एकेक झुडूप जगवतो. आपल्याकडे पाऊस धो धो कोसळतो, तरी आपल्या नियोजित विहाराच्या नकाशात एक झाड नाही. सगळी जागा हॉल आणि फरशीला! लग्नकार्याला हॉल हवा, त्याचे भाडे येते, हे आम्हांला मान्य आहे. पण त्या आईला बसायला जागा कुठे? मागील बाजूचे दोन गुंठे मोकळे सोडावेत, अशी आमची सूचना आहे. काही सभासदांचा विरोध आहे, त्यांनी आज उघड बोलावे. जमीन जांभ्याची आहे, माती बाहेरून आणावी लागेल. ठरलेच, तर खड्डे पावसाळ्यापूर्वी घ्यायला हवेत, आणि कुदळ-फावडी विद्यार्थ्यांनी घरूनच आणावीत.

जय भीम.