विलंब आणि लय



१६६५ च्या फेब्रुवारीत डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्झ आजारपणामुळे खोलीतच पडून होते. तेथे एकाच आधाराला टांगलेली लंबकाची दोन घड्याळे चालू होती. त्यांचे लंबक नेहमी परस्परविरुद्ध दिशांना, पण एकाच ठेक्यात झुलतात, असे त्यांच्या ध्यानी आले. ठेका मुद्दाम बिघडवला, तरी अर्ध्या तासात तो पूर्ववत होई. आधारातून जाणारे सूक्ष्म हादरे दोन्ही लंबकांना जोडीत होते.

अशा स्वतःच्या लयीत झुलणाऱ्या वस्तूस ‘आंदोलक’ म्हणतात. हृदयाची गती राखणाऱ्या पेशी व मेंदूतील अनेक चेतापेशी हेही आंदोलकच होत. मात्र त्यांचे निरोप तत्क्षणी पोहोचत नाहीत. जाड, वेष्टित चेतातंतूतून संदेश सेकंदाला सुमारे १०० मीटरपर्यंत वेगाने धावतो. बारीक, वेष्टनहीन तंतूतून जेमतेम एक-दोन मीटर. म्हणजे शेजाऱ्याचे वर्तमान नव्हे, त्याचा भूतकाळच प्रत्येकास कळतो.

याने काय बिघडते? दोन एकसारखे आंदोलक घ्या. स्वतःची स्थिती आणि शेजाऱ्याकडून कळलेली स्थिती यांत जेवढा फरक, तेवढी ओढ प्रत्येकावर पडते, असे माना. निरोप तत्काळ पोहोचला, तर दोघे एकतालात येताच फरक शून्य होतो आणि लय अबाधित राहते. पूर्ण आवर्तनाइतका विलंब झाला तरी तेच घडते. अर्ध्या आवर्तनाचा विलंब असल्यास दोघे विरुद्ध दिशांना झुलून फरक मिटवतात. परंतु विलंब सुमारे पाव आवर्तनाचा असेल, तर यांपैकी कोणताही मार्ग उरत नाही. ओढ सतत लागून राहते. तिचे बळ विशिष्ट मर्यादेत असल्यास दोघांचीही लय विझते.

विलंब नसताना असे विझणे आंदोलकांच्या गती पुरेशा भिन्न असल्यासच घडते. एकसारखे आंदोलकही विलंबामुळे विझू शकतात, हे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतील रमणा रेड्डी व अभिजित सेन यांनी जॉन्स्टन यांच्यासह १९९८ साली गणिताने दाखविले. २००० साली विद्युत्-मंडलांवरील प्रयोगाने त्यास पुष्टी मिळाली.

पार्किन्सनच्या विकारात मेंदूतील काही चेतापेशी वाजवीपेक्षा अधिक एकतालात येतात. अशा समूहास त्याचाच संकेत योग्य विलंबाने परत देऊन तो घातक एकताल मोडता येईल, अशी कल्पना रोझेनब्लूम व पिकोव्स्की यांनी २००४ मध्ये मांडली. तेव्हा विलंब हा किरकोळ दोष समजून हिशेबातून वगळता येत नाही. लय टिकेल की विझेल, याचा निर्णय पुष्कळदा त्याच्याच हाती असतो.