बटण दाबण्याआधी

(जयनगर, बेंगळुरू येथे भरलेल्या कार्यकर्ता वर्गात रेल्वे युनियनच्या सेक्रेटरींनी केलेले भाषण)



मघाशी या सभागृहातली वीज गेली तेव्हा आपण सर्वांनी पाहिले. एक पोरगा पायात स्लीपर घालून मागच्या बाजूला धावला आणि अर्ध्या मिनिटात जनरेटर सुरू झाला. आपण टाळ्या वाजवल्या. चहाच्या सुट्टीत आम्ही त्याला विचारले, "बाळा, चावी फिरवण्याआधी काय पाहिलेस?" तो हसला आणि म्हणाला, "काही नाही, रोज सुरू होतो." आम्हाला नेमून दिलेला विषय दुसरा होता. पण त्या पोराचे उत्तर ऐकले आणि ठरवले, आज मोठे डिझेल इंजिन सुरू करण्याविषयीच बोलायचे.

हे जयनगर १९४८ साली वसवायला घेतले. कारखाना कायदाही त्याच साली झाला, आणि चालू यंत्राजवळ माणसाने काम कसे करावे यावर त्याने बंधने घातली. पण उभे असलेले इंजिन जेव्हा चालू होते तो क्षण कोणाच्या हाती असतो? आजचा प्रश्न तेवढाच आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या गावी विहिरीवर किर्लोस्करचे इंजिन असेल. ते कसे सुरू करीत ते आठवा. डीकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडल घालून इंजिन मोकळे फिरवायचे, वेग आला की खटका पाडायचा. थोरली माणसे बजावत, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, हँडलला विळखा घालू नकोस. इंजिन उलटे मारले तर अंगठा जाईल. तिथे फिरवणारा आणि सुरू करणारा एकच माणूस असे. त्यामुळे इंजिन जड फिरतेय की अडतेय, हे त्याच्या हातालाच कळे.

मोठ्या इंजिनात ही दोन माणसे वेगळी झाली. आपल्या डब्ल्यूडीएम-२ चेच पाहा. वाराणसीच्या कारखान्यातून ही इंजिने १९६४ पासून बाहेर पडू लागली. १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. कॅबमध्ये बटण दाबले की ६४ व्होल्टच्या बॅटरीचा करंट मेन जनरेटरला जातो, तो जनरेटर तेवढ्यापुरता मोटर होतो आणि सगळा क्रँकशाफ्ट फिरवतो. बटण दाबणाऱ्याच्या बोटाला काहीच जाणवत नाही. इंजिनरूममध्ये कोण आहे, हेही त्याला दिसत नाही. धोका आला तो इथून.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. शेडचे नाव सांगत नाही, माणसाचेही सांगत नाही. आम्ही तेव्हा खलाशी म्हणून नवीनच लागलो होतो. पावसाळ्याची रात्र, शिफ्ट बदलण्याची वेळ. एका इंजिनात फिटर टॅपेट जुळवत होता आणि त्याचा खलाशी लांब पहार घालून क्रँकशाफ्ट हाताने थोडा थोडा फिरवून देत होता. कंट्रोल स्टँडवर बोर्ड अडकवलेला होता, "काम चालू आहे, इंजिन सुरू करू नये." बॅटरीचा नाइफ स्विच मात्र पाडलेला नव्हता. कारण इंजिनरूममधला दिवा त्याच बॅटरीवर जळत होता आणि त्या पाळीत हँडलॅम्प एकही चालू नव्हता.

आम्हाला कॅब झाडायला सांगितले होते. झाडताना आम्ही तो बोर्ड काढला आणि सीटवर ठेवला. परत लावायचा राहून गेला.

बाहेरून निरोप आला, गाडीला इंजिन हवे आहे, लवकर काढा. नव्या पाळीचा माणूस वर चढला. बोर्ड दिसला नाही. त्याने बटण दाबले. इंजिन अर्धा फेराही फिरले नसेल, पण पहार उडाली आणि खलाशाच्या उजव्या हाताचे मनगट आणि कोपर दोन्ही गेले. पुढे तो मेडिकल डिकॅट झाला आणि उरलेली नोकरी त्याने पाणी भरण्यात काढली. चौकशी झाली. कागदावर आले, "संबंधित कर्मचाऱ्याने पुरेशी काळजी घेतली नाही." संबंधित कर्मचारी म्हणजे ज्याचा हात गेला तो. आम्हाला कोणी विचारले नाही आणि आम्हीही तोंड उघडले नाही. नोकरी कच्ची होती. पुढे युनियनमध्ये आलो, त्यामागे हे कारण आहे. तो निवृत्त झाल्यावर त्याच्या घरी जाऊन आम्ही सगळे सांगितले. तो म्हणाला, "बोर्ड तुम्ही काढलात ते मला त्याच आठवड्यात कळलं होतं. पण दिवा कोणी दिला नव्हता, ते सांगा की लोकांना." म्हणून सांगतो आहोत.

बंधूंनो, यातून आम्ही शिकलो ती पाच कामे. कोणतेही मोठे इंजिन असो, क्रम हाच ठेवा.

पहिले, विचारा. इंजिनाभोवती एक फेरी मारा, आत हाक द्या, उत्तर घ्या. पाळी बदलली असेल तर आधीच्या माणसाकडून तोंडी आणि लेखी चार्ज घ्या. ज्याने बोर्ड लावला त्यानेच तो काढायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही, झाडण्यासाठीसुद्धा नाही.

दुसरे, पाहा. सम्पमधले तेल डिपस्टिकने, पाण्याची पातळी काचेत, गव्हर्नरचे तेल, डिझेल, बॅटरीचा व्होल्टेज. ओव्हरस्पीड ट्रिपचा खटका जागेवर आहे का आणि इंधनाचा रॅक मोकळा हलतो का, हेही पाहा. रॅक अडकलेला असेल तर इंजिन सुरू होईल, पण थांबणार नाही.

तिसरे, फिरवा. इंजिन बराच काळ उभे असेल तर तपासणीचे कॉक उघडून आधी हाताने पुरे फिरवा. रात्रभरात एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी झिरपलेले असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. तसेच बटण दाबले तर पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कॉकमधून पाणी आले तर तिथेच थांबा आणि वर कळवा. फिरवण्याचे काम चालू असेपर्यंत बॅटरीचा स्विच पाडलेलाच हवा. झाले की पहार बाहेर आली का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

चौथे, सुरू करा. हँडल आयडलवर, इंधनाचा दाब आलेला, आणि मगच बटण. काही सेकंदांत इंजिन धरले नाही तर सोडा, बॅटरीला दम घेऊ द्या. दोन-तीनदा जमले नाही तर चौथ्यांदा बटण दाबू नका, कारण शोधा. बॅटरी मरते ती मरतेच, शिवाय न जळलेले डिझेल एक्झॉस्टमध्ये साठते आणि पुढे पेट घेते. जिथे दाबाच्या हवेवर इंजिन सुरू करतात, तिथे हवा संपली म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर कोणी जोडला तर तो स्फोटच समजा.

पाचवे, ऐका. तेलाचा दाब चढला का, आवाज सारखा आहे का, धूर कसा आहे, ते पाहा. लगेच लोड देऊ नका. आणि इंजिन आपोआप बंद पडले तर त्याने काही तरी सांगितले आहे, असे धरा. तेलाचा दाब कमी होऊन किंवा क्रँककेसमध्ये दाब येऊन इंजिन पडले असेल, तर कंट्रोलवरून कितीही फोन येवोत, कारण कळल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका आणि क्रँककेसचे दार गरम असताना उघडू नका. आत तेलाची वाफ असते, हवा मिळाली की ती उडते. १९४७ साली 'रेइना देल पॅसिफिको' हे ब्रिटिश प्रवासी जहाज दुरुस्तीनंतरच्या चाचणीवर असताना क्रँककेसचा स्फोट झाला आणि २८ माणसे दगावली. खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनी १८९३ साली ऑग्सबर्गला पहिल्या इंजिनात इंधन सोडले, तेव्हा दाब मोजण्याचे यंत्र फुटून तुकडे उडाले आणि ते थोडक्यात वाचले. ज्याने इंजिन शोधले त्यालाही पहिल्या दिवशी त्याने सोडले नाही. मग आपण कोण?

टपाल खात्यातील बंधू-भगिनींनो, हे फक्त रेल्वेचे नाही. आपल्या कचेरीच्या मागे जनरेटर आहे. तो बंद खोलीत चालवू नका. त्या धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. चेंजओव्हर स्विच नीट टाकल्याशिवाय सुरू करू नका, नाही तर आपली वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावरचा वायरमन मरतो. बॅटरी जोडताना अर्थची तार शेवटी जोडा आणि काढताना ती आधी काढा. बेल्टवर जाळी नसेल तर लेखी कळवा. पदर, मफलर, लोंबणारी बाही जवळ नको.

कोणी म्हणेल, आता ब्रॉडगेजचे बहुतेक विद्युतीकरण झाले, डिझेलचे दिवस गेले. या शहरातले कृष्णराजपुरमचे शेड, हुबळीचे शेड, दोन्ही डिझेलवर वाढली. तिथले जुने लोक जाणतात की रोज चालणाऱ्या इंजिनापेक्षा पंधरा दिवस उभे राहिलेले इंजिन जास्त दगा देते. त्याच्यात पाणी झिरपते, बॅटरी उतरते आणि माणसाची सवयही मोडते. डिझेल कमी झाले म्हणून काळजी कमी करून चालणार नाही.

म्हणून आमचे मागणे दोन बाजूंचे आहे. प्रशासनाने प्रत्येक पाळीला चालू हँडलॅम्प द्यावेत, बॅटरीच्या स्विचला कुलूप द्यावे, आणि काम करणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या नावाचा बिल्ला द्यावा. हे लेखी मागा, पोच घ्या, आणि नाही मिळाले तर पुन्हा मागा. दुसरी बाजू आपली. बिल्ला मिळाला तर तो लावा. घाई करणाऱ्याला सांगा, पाच मिनिटे लागतील. त्या पाच मिनिटांबद्दल कोणाला मेमो मिळाला तर युनियन त्याच्या मागे उभी राहील, हा शब्द आम्ही इथे देतो.

जाता जाता एक करू. त्या पोराला आत बोलवा. जेवणाच्या सुट्टीत आपल्यातला एखादा जुना फिटर त्याला जनरेटरजवळ नेऊन डिपस्टिक कशी पाहायची ते दाखवील. आणि सभागृहाच्या व्यवस्थापकांना आपण सगळे मिळून सांगू की, त्याला बूट द्या.

कामगार एकजुटीचा विजय असो.